निराधारांचा पगार

गावात याला सगळे पगारच म्हणतात. "आजी, पगार आला का?" असे बँकेच्या ओट्यावर बायका एकमेकींना विचारतात. सरकारी कागदावर पगार हा शब्द नाही. तेथे 'अनुदान' किंवा 'निवृत्तिवेतन' असे लिहिलेले असते. पण आम्हाला गावचाच शब्द बरा वाटतो. भीक देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पगार नियमाने मिळतो.

तो नियम काय आहे, कोणाला लागू पडतो, आणि पैसे मागायचे कसे, हे या पाठात सांगितले आहे. पाठ जरा लांब आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकांत वाचा. घरात कोणाला वाचता येत नसेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

ज्याला काम करता येते त्याने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे, असा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. तीच आपली रोजगार हमी. पण ज्याला अंथरुणावरून उठवत नाही, त्याने काय मागावे? पदरात दोन लहान पोरे आणि घरात मिळवता माणूस नाही, त्या बाईने काय करावे? अशा माणसांसाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. म्हाताऱ्या माणसांसाठी श्रावणबाळ योजना आहे. आईबापांना कावडीत घालून नेणारा श्रावणबाळ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना असा मुलगा नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, त्यांची ही योजना. यांना केंद्र सरकारच्या योजनांचीही जोड आहे. घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर काही पैसे केंद्राचे आणि बाकीचे राज्याचे, असे मिळून येतात. कोणाचे किती, याची काळजी आपण करायची नाही. ते हिशेब कचेरीचे.

आता कोणाला मिळतो ते पाहू.

वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर श्रावणबाळ. वय १८ ते ६५ च्या आत असेल तर संजय गांधी. या दुसऱ्या योजनेत निराधार विधवा येते, हे बहुतेकांना माहीत असते. पण तिच्याखेरीज पुष्कळ जण येतात, आणि ते कोणी गावात सांगत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर त्याची बायको येते. घटस्फोट झाला पण पोटगी मिळत नाही, अशी बाई येते. घटस्फोटाचा दावा अजून कोर्टात चालू आहे, तीही येते. नवरा तुरुंगात शिक्षा भोगतो आहे, अशी बाई येते. पस्तीस वर्षांवरची बिनलग्नाची निराधार बाई येते. देवदासी येते. तृतीयपंथी येतात. ज्याला डोळ्याने दिसत नाही, ऐकू येत नाही, हातापायाने अधू आहे, किंवा जो मनाने दुबळा आहे, तो येतो. त्याला निदान ४० टक्के अपंगत्वाचा डॉक्टरी दाखला लागतो. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स, सिकलसेल अशा आजाराने ज्याच्याने पोट भरवत नाही, तो येतो. आईबाप नसलेली पोरकी मुले येतात.

अर्ज करणारा निदान १५ वर्षे महाराष्ट्रात राहणारा पाहिजे. जातीची अट नाही. धर्माची अट नाही. शेत असले म्हणून दार बंद, असेही नाही. पाहतात ते घरचे उत्पन्न.

पैसे किती? २०१९ साली महिना १००० रुपये झाले. जुलै २०२३ पासून १५०० झाले. अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये ठरले. या आकड्यांत पुढेही फरक पडेल. म्हणून तहसील कचेरीच्या फलकावर आकडा पाहावा. आता तो आपल्याला वाचता येतो.

एक गोष्ट बायकांनी ध्यानात ठेवावी. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना निघाली. तिचेही महिना १५०० रुपये ठरले. निराधारचे १५०० आणि लाडक्या बहिणीचे १५०० असे दोन्ही घेता येत नाहीत. दोन्हीकडे नाव असेल तर चौकशीत एक तुटते. कोणीतरी "दोन्ही करून देतो" म्हणेल. त्याच्या नादी लागू नका.

उत्पन्नाची अट

आता खरी अडचण येथे आहे. घरचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे, अशी अट आहे. अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. ज्यांचे घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत आहे त्यांचे काम त्या यादीवर भागते. बाकीच्यांना तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

२१,००० ला १२ ने भागा. महिन्याचे १७५० रुपये येतात. दिवसाचे ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. खुरपायला जाणारी बाई एका दिवसात याहून जास्त मिळवते. मग अट कोणाला लागू पडणार? आम्हाला विचाराल तर ही मर्यादा फार जुनी झाली आहे. पगार वाढला, तशी मर्यादाही वाढायला हवी होती. ग्रामसभेने तसा ठराव करून वर पाठवायला काही हरकत नाही. पण आज नियम आहे तो असा आहे.

तरी लगेच "आम्ही बसत नाही" असे म्हणून घरी राहू नका. खुरपणीचे काम बारा महिने नसते. साठीच्या पुढे गेलेल्या बाईला रोज कोणी बोलावत नाही. वर्षात खरे किती दिवस काम मिळाले, किती मजुरी मिळाली, ते कागदावर मांडा. अर्धा एकर कोरडवाहूचे पीक घरी खाण्यापुरते आले की विकले, तेही मांडा. तलाठ्यापुढे अंदाजाने "असतील पन्नास हजार" असे म्हणू नका. पुष्कळ माणसे लाजेपोटी जास्त सांगतात. चारचौघांत गरीब दिसायला नको वाटते. ही लाज महाग पडते. दाखल्यावर जो आकडा चढतो त्यावरच पुढे निकाल होतो.

उलट बाजूही सांगतो. खोटे सांगू नका. दोन मुले नोकरीला, घरात ट्रॅक्टर, आणि दाखल्यावर वीस हजार, असेही काही गावांत होते. असे एक नाव यादीत शिरले की त्याच गावातल्या खऱ्या निराधारांकडे कचेरी संशयाने पाहू लागते. चौकशीत सापडले तर पैसे वसूल होतात, ते वेगळेच.

म्हातारा-म्हातारी मुलांपासून खरोखर वेगळी राहात असतील, चूल वेगळी असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. शिधापत्रिका वेगळी असली तर फार बरे. मुलगा पुण्यामुंबईला गेला आणि पैसे पाठवत नाही, हे सांगायला आईला जड जाते. आम्ही अशा आयांबरोबर कचेरीत गेलो आहोत. साहेबांनी विचारले, "मुलगा काय करतो?" तर म्हातारी म्हणाली, "लई चांगला हाय माझा पोरगा, मोठ्या कंपनीत हाय." झाले! साहेबांनी पुढे विचारलेच नाही. मुलाला चांगला म्हणा. पण वर्षभरात त्याच्याकडून किती रुपये आले, तेही त्याच दमात सांगा.

कागद

गरीब असणे पुरत नाही, गरिबी कागदावर यावी लागते. यात सर्वांत जास्त माणसे कशाला अडतात? वयाला आणि नावाला.

वयाचे पाहा. जुन्या माणसांच्या जन्माची नोंद क्वचितच सापडते. शाळेत गेलेल्यांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावून टाकली. आधार कार्ड काढताना पुष्कळांना १ जानेवारी लागली. तारखेचे जाऊ द्या, वर्षसुद्धा अंदाजाने लिहिलेले असते. सत्तरीचा माणूस कार्डावर साठीचा होऊन बसतो आणि दहा वर्षे पगाराला मुकतो. यावर उपाय आहे. जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो लावावा. नसेल तर मतदार यादीतल्या वयाचा किंवा शिधापत्रिकेवरच्या वयाचा उतारा चालतो. तोही नसेल तर ग्रामीण रुग्णालयात जावे. तेथले मोठे डॉक्टर तपासून वयाचा दाखला देतात. आधारवरचे वय चुकलेले असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. दोन कागदांवर दोन वये असली की अर्ज तेथेच थांबतो.

नावाचेही असेच आहे. शिधापत्रिकेवर गंगूबाई, आधारवर गंगाबाई, बँकेत नुसतीच गंगा. गावात सगळ्यांना ठाऊक असते की ही एकच बाई. यंत्राला ते ठाऊक नसते. काना, मात्रा, वेलांटी इकडची तिकडे झाली तरी पैसे अडतात. म्हणून अर्ज करण्याआधी सगळे कागद एका ओळीत जमिनीवर मांडा. प्रत्येकावरचे नाव अक्षर अक्षर लावून वाचा. साक्षरतेच्या वर्गाचा उपयोग कशाला, असे कोणी विचारले तर त्याला हे दाखवा.

विधवा बाईला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो. घरात मयत झाले की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. दुःखात हे सुचत नाही, म्हणून भावकीतल्या एखाद्याने ते काम अंगावर घ्यावे. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणावा लागतो आणि हेलपाटे वाढतात.

नवऱ्याने टाकलेल्या बाईची अडचण याहून मोठी. नवरा मेला नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. सोडचिठ्ठी झाली नाही, म्हणून कोर्टाचा कागद नाही. तिने तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जावे. बाईमाणसाला तेथे वकील फुकट मिळतो. उत्पन्न किती, हे तेथे विचारत नाहीत. दावा दाखल झाला की दाव्याचा कागद हातात येतो, आणि पोटगीही मागता येते.

याशिवाय रहिवासाचा दाखला, आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि फोटो लागतात. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका. नक्कल द्या, मूळ दाखवा, आणि परत पिशवीत ठेवा.

अर्ज कोठे द्यायचा

अर्ज तहसील कचेरीत जातो. तेथे संजय गांधी योजनेची वेगळी शाखा असते. गावाजवळच्या सेतू केंद्रातूनही अर्ज भरता येतो. सेतूची फी फलकावर लिहिलेली असते. तेवढीच द्यावी आणि पावती घ्यावी. पहिला पगार अमक्याला द्यायचा, दर महिन्याला शंभर द्यायचे, असे ठरवणारे दलाल कचेरीबाहेर असतात. ते जे काम करतात ते असे : तुमचे कागद गोळा करतात आणि खिडकीत देतात. ते तुम्हाला करता येते.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा तारखेसह कागद. "मावशी, पोच कशाला? तुमचे काम आमच्या ध्यानात आहे," असे कोणी म्हणाले तर हात जोडून म्हणावे, "भाऊसाहेब, तुमच्या ध्यानात राहील, पण माझ्या राहायचे नाही. एवढा शिक्का मारून द्या." पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे होते.

पुढे काय होते? तलाठी चौकशी करतात. (२०२४ सालापासून तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात तलाठी म्हटले तरी चालते.) मग अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीची बैठक होते, त्यात मंजूर किंवा नामंजूर ठरते. बैठक लांबते, त्यामुळे दोनचार महिने सहज जातात. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा एखादा कागद कमी असतो. तो लावून पुन्हा अर्ज करता येतो. पण कारणच कळले नाही तर माणूस घरी बसून राहतो. असे कैक जण बसले आहेत.

दाखल्यांसाठी २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, हे कचेरीला फलकावर लावावे लागते. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

आणि अर्जाचे काय झाले ते कोणी सांगतच नसेल, तर २००५ सालचा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज करायचा, त्याला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज असा लिहावा :

प्रति,
जनमाहिती अधिकारी,
तहसील कचेरी, तालुका ________

मी ________, राहणार ________. मी तारीख ________ रोजी संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज दिला आहे. पोच क्रमांक ________. या अर्जावर आजपर्यंत काय काम झाले, अर्ज आज कोणाकडे आहे, आणि नामंजूर झाला असल्यास त्याचे कारण काय, ही माहिती मला लेखी मिळावी. मी दारिद्र्यरेषेखालील आहे. त्याचा दाखला सोबत जोडला आहे.

सही ________ तारीख ________

हा अर्ज वहीत दोनदा उतरून काढा. हात बसेल. पोचेची नक्कल जोडायला विसरू नका. असा कागद टेबलावर आला की जुना अर्ज कपाटातून बाहेर निघतो, हे आम्ही पाहिले आहे.

पैसे हाती येताना

२०२४ च्या अखेरीपासून हे पैसे थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येऊ लागले. येथे नवीनच गोंधळ झाला. एका माणसाची दोनतीन खाती असतात. एक जुने सोसायटीच्या कर्जाचे, एक रोजगार हमीचे, एक २०१४ नंतरचे जनधनचे. आधार ज्या खात्याला शेवटी जोडले असेल त्यात पैसे जातात. माणूस मात्र जुनेच पासबुक घेऊन रांगेत उभा राहतो आणि "पगार बंद झाला" म्हणून रडत घरी येतो. पैसे आले नाहीत तर आधी बँकेत विचारा, "माझे आधार कोणत्या बँकेला जोडले आहे?"

गावात अंगठा लावून पैसे देणारा माणूस असतो. त्याने सोय होते, यात शंका नाही. तालुक्याला जायचे एस.टी.चे भाडे वाचते. पण अंगठा लावल्यावर चिठ्ठी मागून घ्यावी. तिच्यावर तारीख असते, काढलेली रक्कम असते, आणि शिल्लक असते. हे तीन आकडे वाचा. हातात आलेले पैसे मोजा. चिठ्ठीवर १५०० आणि हातात १४०० असतील तर तेथेच विचारा. "अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा," असे म्हणाले तर पहिल्या वेळी पैसे निघाले की नाही, हे शिल्लक पाहून ठरवा. मोबाइलवर आलेला आकडा कोणी फोन करून विचारला तर सांगू नका. बँक तो विचारत नाही.

एकदा पगार सुरू झाला म्हणजे कायमचा, असेही नाही. वर्षातून एकदा आपण हयात आहोत, म्हणजे जिवंत आहोत, हे दाखवावे लागते. जिवंत माणसाने जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, याचे हसू येते. पण मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलणारेही असतात, म्हणून ही रीत. कोणत्या महिन्यात हजर व्हायचे ते कचेरीत विचारून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरच्यांनी तलाठ्यांना आधी सांगावे.

घरातला मिळवता माणूस अकाली गेला तर आणखी एक मदत आहे. तिचे नाव राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. घर दारिद्र्यरेषेखाली असेल, आणि गेलेला माणूस १८ ते ५९ वर्षांचा असेल, तर घरच्यांना एकदाच २०,००० रुपये मिळतात. मरण अपघाताने आले की आजाराने, हे पाहात नाहीत. मिळवती बाई गेली तरी मिळतात. अर्ज त्याच तहसील कचेरीत, आणि तो लवकर द्यावा. ही मदत मिळाली म्हणून मागे राहिलेल्या विधवेचा महिन्याचा पगार अडत नाही. तो वेगळा अर्ज आहे, दोन्ही एकाच दिवशी देता येतात.

आणि पगार घेणारे माणूसच गेले, तर तहसील कचेरीत कळवावे आणि मृत्यूच्या दाखल्याची नक्कल द्यावी. त्यानंतर खात्यात आलेले पैसे नातवाने सवयीने काढले, तर ते पुढे भरून द्यावे लागतात.